फरशी ओली आहे

साहेब, म्हाताऱ्या माणसांचे चष्मे तुम्ही काढून घेतलेत. कानातली यंत्रं, कवळ्या, हातातली घड्याळं, सगळं तुमच्या सहीने गेलं. भिंतीवरचं घड्याळ आणि कॅलेंडर रंगकामासाठी उतरवलं, रंग वाळून महिना झाला, ते परत लागलं नाही, तेही तुमच्याच सहीने. आणि हे सगळं काढून घेतल्यावर माणूस भांबावला, की त्याचे हात पलंगाला बांधायचे, हाही तुमचाच आदेश आहे. मी हे तोंडावर बोलले असते. तीनदा तुमच्या केबिनच्या दारापर्यंत आले, तीनदा शिपायाने परत पाठवलं. म्हणून लिहिते आहे. हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांना तुमचं उत्तर आलं. त्या उत्तरांबद्दल शेवटी बोलू.

मी कोण ते सांगते. दुसऱ्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड मी पुसते. सोळा पलंग, दोन मोऱ्या, एक लांब व्हरांडा. एकवीस वर्षं झाली. वॉर्डात मला सगळे मावशी म्हणतात, ऐंशी वर्षांचेसुद्धा. शाळा सातवीत सुटली. पुढचं काय ते रद्दीतल्या पुस्तकांनी आणि आमच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवलं. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका, मजकूर वाचा.

फरशीबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी अर्धा वॉर्ड पुसते, अर्धा कोरडा ठेवते. पुसलेल्या बाजूला पिवळी पाटी उभी करते. ओल्या फडक्यामागून कोरडं फडकं फिरवते, आणि तळहात टेकवून बघितल्याशिवाय पाटी उचलत नाही. हाडांच्या वॉर्डात पाय घसरला तर काय होतं, ते मला माहीत आहे. एकवीस वर्षांत माझ्या फरशीवर एक माणूस पडलेला नाही. म्हणून कुणी ‘फरशी ओली आहे’ म्हणालं, की माझ्या अंगाला झोंबतं.

पहिल्यांदा म्हणाली ती सहा नंबरची कंडक्टरबाई.

ही बाई तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. मांडीचं हाड मोडून आली. आली त्या दिवशी तिने निम्म्या वॉर्डाला हसवलं. नर्सला म्हणाली, “इतक्या गर्दीत एवढी हळू सुई टोचलीस, तुला माझ्या बसमध्ये घेतलं नसतं.” ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती चादरीच्या कडेवरून एकेक तिकीट फाडायला लागली. नसलेलं तिकीट. फाडायचं आणि हवेत पुढे करायचं. “पुढे सरका. पुढे सगळी जागा मोकळी आहे.” लोक हसले. सलाईनची नळी ओढून काढली तेव्हा हसणं थांबलं. मग तुमच्या आदेशाप्रमाणे तिचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधले.

मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, “मावशी, हे वेड नाही. हा डिलिरिअम. म्हातारं शरीर, वरून ऑपरेशन, ताप, गुंगीची औषधं, पोटात पाणी नाही, आणि डोळ्यांवर चष्मा नाही. मन एकदम वाट चुकतं. सकाळी बरं, दुपारी नाही, असं वर-खाली होतं. कारण शोधून ते दूर केलं तर माणूस परत येतो.”

“आणि बांधून ठेवलं तर?”

“तर आणखी लांब जातो,” त्या म्हणाल्या आणि पट्टी थोडी सैल करून गेल्या. त्यापेक्षा जास्त सैल करायची त्यांना मुभा नव्हती.

त्या दिवशी मी सहा नंबरच्या पलंगाखाली फडकं घालणार, एवढ्यात कंडक्टरबाईने गुडघे पोटाशी ओढले. मोडलेल्या मांडीसकट. कळ येऊनही ओढले. “पाय वर घ्या सगळ्यांनी,” ती म्हणाली. “फरशी ओली आहे.”

मी ती बाजू अजून पुसली नव्हती.

दुसऱ्यांदा ऐकलं ते तीन दिवसांनी, अकरा नंबरच्या सुतारबाबाकडून. अकरा नंबर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो गुडघे वर घेऊन बसला होता आणि पलंगाखाली बघत होता. “ओली आहे,” तो मला दबक्या आवाजात म्हणाला, जणू माझीच चूक झाकून घेत होता. तिसऱ्यांदा तीन नंबरची म्हातारी. तिला तर दोन दिवसांत पाणी मागण्यापलीकडे शब्द फुटला नव्हता.

मी सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “एकमेकांचं ऐकतात. भांबावलेल्या माणसाच्या कानावर पडलेलं त्याच्या डोक्यात घर करतं.” मला पटलं. मीही तसंच समजले असते. मी देव-भूत मानणारी बाई नाही, साहेब. शवागाराबाहेरचा व्हरांडासुद्धा मी एकटीने पुसलेला आहे, गाणं गुणगुणत.

पण सिस्टरांची एक पद्धत आहे. रोज सकाळी आणि दुपारी चारला त्या प्रत्येक पलंगापाशी खुर्ची ओढून बसतात आणि चार प्रश्न विचारतात. तुमचं नाव काय? तुम्ही आत्ता कुठे आहात? आज वार कोणता? आणि वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवा. उभ्याने विचारत नाहीत, घाई करत नाहीत. माणूस गप्प राहिला तर त्याचा हात हातात घेऊन म्हणतात, “चुकलं तरी चालेल, पण उत्तर द्या.” मी एकदा विचारलं, चुकलेल्या उत्तराचा काय उपयोग? त्या म्हणाल्या, “चुकीचं उत्तर देणारा अजून दारात उभा असतो, मावशी. उत्तरच न देणारा निघून गेलेला असतो. आणि गंमत बघा, ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प पडलेल्याला सगळे शहाणा म्हणतात.”

‘कुठे आहात’ या प्रश्नाची उत्तरं सिस्टर वहीत लिहीत होत्या. एका दुपारी त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडी केली. सहा नंबर, अकरा नंबर, तीन नंबर, आणि सातवर नुकताच आलेला एक ठार बहिरा शेतमजूर, ज्याच्या कानावर काही पडणं शक्यच नव्हतं. त्याला प्रश्न पाटीवर लिहून विचारले होते.

चौघांनी एकच खोली सांगितली होती. लांब खोली. भिंतीला खांद्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर पांढरा. एकच लाकडी बाक, भिंतीला लावलेला. खिडकी फार उंचावर, उजेड येतो पण बाहेरचं दिसत नाही. दाराला चौकट आहे, दार नाही. आणि फरशी नुकतीच पुसलेली. अर्धवर्तुळात. पुसणारी दिसत नाही, बहिरा सोडून बाकीच्यांना फडकं फिरल्याचा आवाज येतो. म्हणून सगळे पाय वर घेऊन बसतात, फरशी वाळायची वाट बघत. ती वाळत नाही.

“अशी खोली आपल्याकडे आहे?” सिस्टरांनी विचारलं.

या इमारतीतली एकही खोली अशी नाही जी मी कधी ना कधी पुसलेली नाही. “नाही,” मी म्हणाले. सिस्टरांनी वही मिटली आणि थर्मामीटर झटकत निघून गेल्या.

मग माझे काका आले.

आईवडील गेल्यावर मला काकांनी वाढवलं. घड्याळजी माणूस. पन्नाशीतच कान गेले. घड्याळाची टिकटिक ऐकू येईना, तर ते घड्याळ दातांत धरायचे. “दातांना ऐकू येतं, ठिणगे,” मला म्हणायचे. मी तापट, म्हणून ठिणगी. गिऱ्हाईक बघतच राहायचं, की हा माणूस घड्याळ दुरुस्त करतोय की खातोय. पुढे कानाचं यंत्र आलं. ते पडू नये म्हणून मी त्याला लाल दोरा बांधला आणि दोऱ्याचं टोक सदऱ्याच्या गुंडीला.

न्हाणीघरात पडले. कमरेजवळचं हाड मोडलं. नऊ नंबर मिळाला. आणि साहेब, ऐका, कारण ही माझी चूक आहे आणि मी ती लपवत नाही. जमा करायच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आहे. काकांच्या कानातलं यंत्र मी माझ्या हाताने काढलं. डब्यात घातलं. चिठ्ठीवर ‘९’ लिहिलं. नाव लिहायचं नाही, पलंगाचा आकडा लिहायचा, असा नियम. काका म्हणाले, “हे कशाला?” मी म्हणाले, “नियम आहे.” त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्यांना चौदावर हलवलं, नऊवर दुसराच माणूस आला, त्याचाही डबा ‘९’ झाला. आमच्याकडे माणसं पलंग बदलतात, चिठ्ठ्या बदलत नाहीत.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मी कामावर आले तर नर्स म्हणाली, “मावशी, तुमचे काका किती गुणी. हाक नाही, कुरकुर नाही.” तरुण डॉक्टरीणबाईने कागद चाळून सांगितलं, “आराम करताहेत.”

माझे काका आयुष्यात गुणी नव्हते. हा माणूस हवामानाच्या बातम्यांशी वाद घालायचा. मी चौदापाशी गेले. ते छताकडे बघत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चादरीवर काहीतरी बारीक उचलत होती, ठेवत होती. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. रस्त्यापलीकडच्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गुडघे पोटाशी होते.

मी चादर बाजूला केली. पाय हातात घेतले, आणि माझे हात तिथेच थांबले. तळपाय ओले होते. धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी तळव्यांची कातडी सुरकुतली होती. चादर कोरडी. गादी कोरडी. सलाईन दुसऱ्या बाजूला, गळत नव्हतं. मी सिस्टरांना बोलावलं. त्यांनी तळव्यांना हात लावला, चादर चाचपली, गादी उलटी करून बघितली. मग पाय पुसले आणि दोन दोन मोजे चढवले. अर्ध्या तासाने मोजे ओले झाले होते.

तो गुरुवार होता. शनिवार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमचाच नियम आहे. जो तीन दिवस एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, त्याचं नाव शनिवारी यादीत चढतं आणि त्याला मागच्या इमारतीत हलवतात, दीर्घ मुदतीच्या विभागात. तिथून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेलं माणूस मी एकवीस वर्षांत पाहिलेलं नाही. सिस्टरांच्या वहीत काकांच्या नावापुढे बुधवारी रेघ होती. गुरुवारी रेघ.

मी धावत पहिल्या मजल्यावर जमा-खोलीकडे गेले. कोठीवाला दारातच स्टूल टाकून बसलेला असतो.

“‘९’ची चिठ्ठी लावलेलं कानाचं यंत्र दे.”

“साहेबांची सही?”

“माझे काका आहेत. मीच जमा केलंय.”

“मग नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मावशी.” तो वाईट माणूस नाही. माझ्याकडे बघायचं टाळत होता. “सही आण, लगेच देतो.”

सही आणायला आले ते तुमच्या दाराशी माझं तिसरं येणं. शिपायाने पत्र आत नेलं, दहा मिनिटांत उत्तर बाहेर आणलं. ‘आदेशात बदल नाही.’ खाली तुमची सही.

चार वाजता मी कंडक्टरबाईला पाणी पाजायला बसले. हात बांधलेले, त्यामुळे घोट घोट मीच पाजत होते. ती त्या दिवशी ओरडत नव्हती. माझ्याकडे कामावरच्या माणसाने कामावरच्या माणसाकडे बघावं तसं बघून म्हणाली, “तुझा घड्याळजी आलाय आमच्याकडे. बाकाच्या टोकाला बसलाय.”

मी भांडं खाली ठेवलं.

“तिकीट आहे त्याच्याकडे. मी बघितलं. त्याचा थांबा आला की मी ओरडते, पण उतरत नाही. त्याला ऐकूच जात नाही. किती घसा फोडू?”

“त्याचं यंत्र हरवलंय,” मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. सिस्टर म्हणतात भांबावलेल्या माणसाशी वाद घालू नये, पण त्याच्या भासात भरही घालू नये. मी भर घालत नव्हते. मी विचारत होते.

“हरवलं कुठे? वाजतंय की. तिसरी फळी, दातांच्या मागे. लाल दोरा आहे. शिट्टी मारून मारून डोकं उठवलंय मेल्याने.” मग तिने गुडघे आणखी वर घेतले. “तू तुझं फडकं आवर आधी. सगळं ओलं करून ठेवलंयस.”

काका घड्याळजी आहेत हे तिने वॉर्डात ऐकलं असेल. लाल दोरा पहिल्या दिवशी दिसला असेल. मी स्वतःला हेच समजावलं. पण जमा-खोलीत पेशंट जात नाही. आणि तिसऱ्या फळीवर काय ठेवतात, ते मलाही माहीत नव्हतं. मी डबे दारात देते, आत कोठीवाला लावतो.

शुक्रवारी जमा-खोली पुसायची असते. मी बादली घेऊन गेले. कोठीवाल्याने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“मी चहा पिऊन येतो,” तो म्हणाला. “दहा मिनिटं लागतील. मी फार सावकाश चहा पितो.”

बादली मी बाहेरच ठेवली आणि आत गेले.

आत छतापर्यंत फळ्या. पहिल्या दोन फळ्यांवर चष्मे, डब्यांची झाकणं लागत नाहीत म्हणून उघडेच, सगळ्यांच्या काचा दाराकडे. प्लास्टिकचा आणि उष्ट्या तोंडाचा वास. आणि एक शिट्टी. बारीक, सुईसारखी. कानाचं यंत्र चालू राहून हाताखाली दाबलं गेलं की वाजतं तशी. माझ्या हातून घाईत चालूच राहिलं होतं.

तिसरी फळी. पुढच्या रांगेत कवळ्यांचे डबे. मागे हात घातला. बोटांना दोरा लागला.

खाली बघितलं तेव्हा माझ्या चपला पाण्यात होत्या.

फरशी ओली होती. नुकतीच पुसलेली. अर्धवर्तुळात, डावीकडून उजवीकडे, मी पुसते तशी.

बादली बाहेर होती. फडकं कोरडं होतं.

मी पळाले नाही. फळ्यांवरून चौदा चष्मे, चार यंत्रं आणि एक कवळी पदरात घेतली, कारण पुन्हा या खोलीत यायची हिंमत होईल असं वाटलं नाही. ही चोरी आहे. लिहून देते आहे. चौकशी लावा.

वॉर्डात सिस्टरांनी मला पदर आवळून येताना बघितलं आणि खिडकीचे पडदे सरकवले. मी सकाळी घरून आणलेलं टेबलावरचं घड्याळ काकांच्या समोर ठेवलं. मी यंत्र पुसून काकांच्या कानात बसवलं.

“काका. मी ठिणगी. तुम्ही दवाखान्यात आहात. हाड मोडलं होतं, बसवलंय. आज शुक्रवार.”

काही नाही.

“काका, आज शुक्रवार. दुपारचे चार वाजलेत. मी ठिणगी.”

अंगठा आणि तर्जनी चादरीवर चालूच. उचल, ठेव.

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. “काका, तुम्ही कुठे आहात? चुकलं तरी चालेल.”

काही नाही.

तेवढ्यात सहा नंबरवरून आवाज आला. तीस वर्षं भरलेल्या बसच्या मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत पोचलेला आवाज.

“दवाखाना. दवाखाना उतरणारे.”

काकांची बोटं थांबली.

“दवाखाना कुणी आहे का? घड्याळजी, उठा आता. गाडी थांबणार नाही.”

काकांनी मान वळवली. आवाजाच्या दिशेने. चार दिवसांत पहिल्यांदा.

“आलो, आलो,” ते म्हणाले. “ओरडते काय.”

आणि त्यांनी पाय सरळ केले. एक एक करून, पलीकडे कोरडी जागा शोधत पाय टाकावा तसे.

मग त्यांनी मला बघितलं, नीट, आणि म्हणाले, “ठिणगे, हे घड्याळ सात मिनिटं मागे आहे.”

लगेच बरे झाले असं नाही. तसं होत नसतं. शनिवारी सकाळी पुन्हा गेले, दुपारी आले. आम्ही दोघी पाळीपाळीने बसलो, पाणी पाजलं, चालवलं, दुपारी फार झोपू दिलं नाही, बोललो. सिस्टरांनी वार विचारला तेव्हा म्हणाले, “शुक्रवार.” शनिवार होता. सिस्टरांनी वहीत लिहिलं, ‘उत्तर दिलं.’ यादीतून नाव गेलं. नावावर ओढलेल्या रेघेवर मी बोट फिरवून बघितलं.

कंडक्टरबाईच्या पट्ट्या मी कात्रीने कापल्या. सिस्टर तेव्हा मुद्दाम औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. तिला तिचा चष्मा दिला. तिने तो नाकावर बसवला, सगळा वॉर्ड एकदा बघून घेतला आणि मला म्हणाली, “तू इतकी काळी असशील असं वाटलं नव्हतं.” दोन दिवसांत ती तिकिटं फाडायची थांबली. सुतारबाबा आला. बहिरा आला. गुडघे एकेक करून सरळ झाले.

काकांना ती खोली आठवते. सगळ्यांना आठवत नाही. गेल्या सोमवारी ते खिडकीशी बसले असताना मी विचारलं, “काका, आता तिथे कोण उरलंय?”

त्यांनी बोटांवर मोजलं. “तीन नंबरची म्हातारी दारापर्यंत आली होती, येईल ती. मग एकच.”

“कोण?”

“कुणी मोठा माणूस असावा. भिंतीकडे तोंड करून बसतो. सगळ्यांचं काही ना काही हरवलं होतं, ठिणगे, याचं सगळं अंगावर. चष्मा आहे. पेन आहे. किल्ल्यांचा जुडगा आहे. हातात घड्याळ. तरी उठत नाही. पाय वर घेऊन बसलाय आणि बोटाने भिंतीवर सह्या करतो. एक झाली की खाली दुसरी.”

“बोललात तुम्ही?”

“यंत्र नव्हतं ना. पण माझ्या धंद्याची सवय. मी त्याचं मनगट धरून घड्याळ दातांना लावलं. उत्तम चालू होतं. मग ओठांकडे बघत वार विचारला. म्हणाला, मंगळवार. पुन्हा विचारलं, मंगळवार. बिचारा. त्याला न्यायला कुणीच आलं नव्हतं.”

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तुमची तिन्ही उत्तरं काढली. सारखाच मजकूर, सारखीच सही. वर तारीख. पहिल्या उत्तरावर मंगळवार, नऊ तारीख. दुसरं दोन आठवड्यांनी आलेलं, त्यावर मंगळवार, नऊ. तिसरं त्या गुरुवारचं, त्यावरही मंगळवार, नऊ. वस्तू जमा करण्याच्या आदेशावर जी तारीख आहे तीच. मला वाटलं, कारकुनाचा आळस. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्यांचा रजेचा कागद दाखवला. मंगळवार, नऊ. कोठीवाल्याकडचे सगळे कागद, मंगळवार, नऊ.

काल मी तुमच्या शिपायाला गाठलं. तोही थकलेला होता. म्हणाला, “साहेबांचा काही त्रास नाही, मावशी. गप्प असतात. जे पुढे ठेवू त्यावर सही करतात. गुणी माणूस.” मग आवाज उतरवून म्हणाला, “फक्त बूट काढून पाय खुर्चीवर घेऊन बसतात आजकाल. मला रोज रागावतात, फरशी ओली ठेवू नकोस. मी कशाला ओली ठेवू? आमच्या मजल्याची बाई त्यांनीच कमी केली, दोन महिन्यांत त्या केबिनला फडकं लागलेलं नाही.”

साहेब, मला तुमचा राग आहे, तो जाणार नाही. तुमच्या एका सहीने माझा काका त्या बाकावर बसला होता. पण तिथे कुणी बसून राहावं असं मला वाटत नाही. तुम्हीसुद्धा.

उद्या चार वाजता मी तुमच्या दाराशी येते आहे. शिपाई अडवणार नाही, त्याच्याशी बोलणं झालंय. कोरडं फडकं घेऊन येईन. काका त्यांचं घड्याळ देणार आहेत, आता बरोबर लावलेलं. कंडक्टरबाई कुबड्या घेऊन येते म्हणाली आहे, ती दारातून हाक देईल. तुम्हाला घरी काय नावाने हाक मारतात, तेवढं फक्त कळवा. साहेब म्हटलेलं तिथे ऐकू जाणार नाही.

आणि या पत्राला उत्तर द्या. आदेशात बदल नाही, हे उत्तर नव्हे. पेनाने, कागदावर, भिंतीवर नाही.

साहेब, आज वार कोणता?

चुकलं तरी चालेल. पण उत्तर द्या.